नावेचं गिऱ्हाईक

"ही कडी काढा," बाळासो म्हणाले.

"अवो पावणं, आत्ताच तर बसवली!" जोतीराम जवळजवळ ओरडलाच.

"बसवली, पण जुन्याच भोकात. भोक सैल झालंय. काढा."

जोतीरामने डोक्याचा पटका काढून मांडीवर आपटला. सकाळपासून हेच चाललं होतं. भोगावतीच्या काठावर नाव मागच्या अंगानं वर ओढली होती, सुकाणू बाभळीला टेकवून ठेवलं होतं आणि पलीकडे जाणारी माणसं सावलीत बसून गंमत बघत होती.

नाव मूळची मालवणची. जोतीरामने ती जुनीच घेतली, ट्रकमध्ये घालून घाट चढवून आणली आणि उतारू न्यायला लावली. सुकाणूचं लोखंड खाऱ्या पाण्यानं आधीच खाल्लेलं. नावेला दोन कड्या, त्यांत बसणाऱ्या सुकाणूच्या दोन खुंट्या, चारही गंजलेल्या. जोतीराम दरसाल वरून डांबर फासून मोकळा व्हायचा. दसऱ्याला वरच्या अंगाचा पूल सुरू होणार होता. मग ही नाव कोण विचारतो? तिच्यावर खर्च कशाला?

अशात काल हे गिऱ्हाईक उगवलं. आपण कृष्णाकाठचे, तिकडं पूल व्हायला अजून अवकाश आहे, असं बाळासो म्हणाले. बैलबाजारात करतात तसे दोघांनी टॉवेलखाली हात घातले. बाळासोंनी किती बोटं दाबली हे कळल्यावर जोतीरामला हात बाहेर काढवेना.

"पण एक हाय," बाळासो म्हणाले होते. "पावसाळाभर नाव तुम्हीच चालवा. दसऱ्याला मी नेतो. सुकाणू मात्र उद्या माझ्यासमोर नीट करायचं. पुरात टिकलं तर सौदा पक्का."

त्यात काय एवढं, असं जोतीरामला काल वाटलं होतं.

आज बाळासोंनी आधी आपल्या पान्यानं डांबर खरवडलं. खालून लोखंडाचे पोपडे सुटले. खालच्या खुंटीला खिळा टोचला तर तो सरळ आत गेला.

"हे लोखंड हाय का करपल्याली भाकरी?"

सावलीतल्या बायका फिदीफिदी हसल्या. जोतीराम आकाराम लोहाराकडे गेला आणि नवी खुंटी घडवून आणली. ती कडीत घट्ट बसली. घासून आणली, तर हलायला लागली. तिसऱ्या खेपेला आकाराम म्हणाला, "जोत्या, भाता नावंतच आणून ठिवू का?"

"गप घड की लेका!"

खुंटी जमली, तोवर कडीचं फळीतलं भोक सैल निघालं. आता ते सागवानाच्या तुकड्यानं बुजवायचं आणि शेजारी नवं पाडायचं.

"आरं जोतीराम!" सावलीतून झुंबरबाईचा आवाज आला. रोज सकाळी दूध घालायला ती अलीकडे यायची. आता रिकाम्या किटल्या घेऊन परत निघाली होती. "घरी म्हस वरडाय लागली असंल माझी!"

"मग मला काय सांगताय? ह्या पावण्यांस्नी सांगा की!"

"मी कशाला सांगू? गिऱ्हाईक तुझं." तरीही ती बाळासोंकडे वळलीच. "अवो, घ्यायची तर घ्या, न्हायतर वाट सोडा!"

"बाई, सौद्यात मधी बोलू नका," बाळासो मान वर न करता म्हणाले.

जोतीरामला तेवढ्यातही जरा बरं वाटलं. गेल्या पुरात सुकाणू निसटलं, नाव भर धारेत गरगरली, उतारू कसेबसे काठाला लागले. तेव्हापासून ह्या बाईनं 'सुकाणू कर, सुकाणू कर' म्हणून त्याचं डोकं खाल्लं होतं. आज निदान तिचा विषय म्हशीवर तरी आला होता.

दिवस कलायला आला तेव्हा कुठं सुकाणू चढलं. बाळासो स्वतः त्याला लोंबकळले. इकडून हिसका दिला, तिकडून दिला. कुठं खडखड नाही.

"झालं," ते म्हणाले.

"देवच पावला! आणि काय असंल तर आत्ताच सांगा. पुन्यांदा लोहाराकडं जायची माझी छाती न्हाय."

"न्हाय, न्हाय. चला, पलीकडं सोडा मला. चालवून बघू."

सगळे चढले. भर धारेत जोतीरामने दांडा नुसता दोन बोटांनी ढकलला आणि नाव शहाण्या बैलासारखी वळली. इतक्या वर्षांत ती अशी कधी वळली नव्हती. दिवसभराचा राग पाण्यात गेला. दसऱ्याला सौदा पक्का म्हणून तो मनातल्या मनात हसलाही.

पलीकडे माणसं उतरली, पांगली. नावेत बाळासोंचा पाना तेवढा राहिला होता. एवढ्या मोलाचं गिऱ्हाईक. त्याची वस्तू राहू देणं बरं नव्हे. जोतीराम पाना घेऊन मागोमाग चढणीला लागला.

वळणावर बाळासो दिसले. झुंबरबाईच्या दोन्ही किटल्या त्यांच्या हातात होत्या.

"आता पावसाळाभर बिनघोर ये-जा कर," ते तिला सांगत होते.

"आणि दसऱ्याला त्यो नाव घेऊन जावा म्हणाला तर रं, बाळू?"

"नाव घेऊन मी काय करू गं आक्का? आमच्या माळाला साधा वढा न्हाय."