किती लिटरचा?

माझी बायको शालू गेल्यावर पहाटे बंब पेटवणारं घरात कुणी उरलं नाही, म्हणून गिझर घ्यायचं ठरलं. ठरवलं मुलांनी, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. पुण्याहून वीरधवल म्हणाला, "अण्णा, पंचवीस लिटरचाच घ्या, आम्ही सगळे आलो की कमी पडायला नको." सुनेला सोलर हवा होता. बंगळूरहून प्रियदर्शनीने बजावलं, "गॅसचा अजिबात नको, तुम्ही एकटे असता." शालूच्या आजारपणातसुद्धा ग्रुपवर एवढी धावपळ झाली नव्हती. तिचा नंबर मात्र अजून ग्रुपमध्ये तसाच आहे.

मी वाईच्या बाजारात दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, "अण्णा, घरात माणसं किती?"

मी मोबाईल काढला, ग्रुप उघडून मोजली. "नऊ. तीन लिटरचा दे."

"आवं, नऊ माणसांना तीन लिटरनं काय व्हतंय?"

.

.

"नऊ जण ग्रुपवर हायत, गड्या. त्यातल्या शालूला येता येत न्हाई, आन् बाकीच्यांना सवड न्हाई."