युलिस उत्तर देतो का?

१९८५ सालच्या ऑगस्टातली गोष्ट. लुइझियानाच्या खाडीकाठी सगळं गाव खिडक्यांवर फळ्या ठोकत होतं. आखातात वादळ उठलं होतं, आणि हवामान खातं त्याची वाट सकाळी एक सांगे, दुपारी दुसरी. त्या धांदलीत ओडील आपल्या स्वयंपाकघरात डॉ. मार्शना कॉफी पाजत बसली होती.

स्किझोफ्रेनिया रक्तातून कसा उतरतो, ते डॉ. मार्श शोधत होत्या. ओडीलच्या माहेरी तो तीन पिढ्या होता. घरातल्या सगळ्यांचं रक्त काढून झालं होतं. नळ्या कोळंबीच्या बर्फपेटीत गार पडल्या होत्या. आता प्रश्न राहिले होते. पद्धत अशी, की एकेकाला एकटं बसवायचं आणि बाकीच्या नातेवाइकांबद्दल विचारायचं. काल ओडीलची लेक क्लॉडेट बसली होती, आज ओडील.

ओडील रंगात आली होती. "माझी मावशी? ती कोंबड्यांपुढे पापं कबूल करायची. म्हणायची, पाद्र्यापेक्षा कोंबड्या बऱ्या, बाहेर बोलत नाहीत. चुलतभाऊ अदाम? वेडा कसला, आळशी आहे मेला. पण तू लिही वेडा म्हणून, त्याच्या बायकोला तेवढंच बरं वाटेल."

तिचा भाऊ क्लोव्हिस खिळे न्यायला आत आला. ऐन विशीत त्याचं डोकं बिघडलं, तेव्हापासून ओडीलनंच त्याला सांभाळलं होतं.

"डॉक्टर," तो म्हणाला, "वादळ उद्या कुठे जाणार, हे त्या लोकांना विमानं पाठवून कळत नाही. माझं डोकं कुठे जाणार होतं, ते तुला रक्तात दिसणार?"

"शक्यता दिसेल, मिस्टर क्लोव्हिस."

"मग ठीक. शक्यता टीव्हीवरही दाखवतात." तो खिळे घेऊन गेला.

डॉ. मार्श हसल्या. मग त्यांनी आवाज जरा मऊ केला. "आता तुमच्याबद्दल. वादळ आलं की तुम्ही बोटीच्या रेडिओवरून नवऱ्याशी बोलता. ते उत्तर देतात का?"

ओडीलचा कप ओठांपाशीच थांबला.

क्लॉडेट पोटात असताना युलिसची बोट वादळात गेली, ती परत आली नाही. तेव्हापासून दर वादळाला ओडील मागच्या खोलीला आतून कडी लावी, जुना रेडिओ सुरू करी आणि बोटीचं नाव घेऊन हाक मारी. छपराचं काम झालं, कोळंबीला यंदा भाव नाही, पोरीचा दात पडला, असं सगळं सांगे. मग खरखर ऐकत बसे. जगात हे एकाच माणसाला ठाऊक होतं. क्लॉडेट शाळेत जात होती तेव्हा ओडीलनं एकदा तिला जवळ बसवून म्हटलं होतं, "ऐक, तुझा बाप."

एवढ्या जणांबद्दल आपण खुशाल बोललो. आपल्याबद्दलही कुणाला असंच बसवून विचारलं असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

हो म्हटलं, तर क्लोव्हिसच्या शेजारी तिचंही नाव. नाही म्हटलं, तर युलिस गेला.

"नाही," ती म्हणाली. "मेलेली माणसं उत्तर देत नाहीत, डॉक्टरीणबाई." मागच्या खोलीत ऐकू जाऊ नये, इतक्या हळू म्हणाली.

डॉ. मार्शनी मान डोलावली, आभार मानले आणि बर्फपेटी उचलून निघून गेल्या.

संध्याकाळी क्लॉडेट गाडी घेऊन आली. पोट चांगलं दिसायला लागलं होतं. "ममा, चल लवकर, पूल बंद करतायत," ती घरच्या फ्रेंचमध्ये म्हणाली.

"तू सांगितलंस."

क्लॉडेटनं मान खाली घातली. "बाळासाठी, ममा. त्याच्यात काय काय उतरेल, मला कळायला नको?"

"मग कळलं?"

"त्या म्हणतात, नक्की सांगता येत नाही."

ओडील उठली. विमेवाल्याशी आणि शेरीफशी बोलायची तिची एक इंग्रजी होती, मोजकी, अदबीची. त्या इंग्रजीत ती म्हणाली, "गाडी फाटकाशी लावा. मी माझ्या भावाला घेऊन येते."

वादळ शेवटी पूर्वेला वळलं. डॉ. मार्शचं संशोधन बरंच गाजलं. ओडीलच्या घराण्याच्या रक्तात त्यांना ठाम असं काही सापडलं नाही. क्लोव्हिस पुढे काही वर्षांनी आपल्याच अंथरुणात झोपेत गेला. क्लॉडेटचा मुलगा चारचौघांसारखा निघाला, ट्रक चालवतो. ओडीलनं रेडिओ पुन्हा कधी लावला की नाही, कुणाला माहीत नाही.

ती खूप म्हातारी होऊन गेली. शेवटच्या आजारात क्लॉडेट तिच्या उशाशी बसून फ्रेंचमध्ये बोलत राही, कपाळ पुसे, पाणी पाजे. पाणी पिऊन झालं की ओडील इंग्रजीत म्हणे, "थँक यू, मॅडम."

नर्सला वाटे, म्हातारी लेकीला ओळखत नाही. क्लॉडेटनं तिला कधी खरं सांगितलं नाही.