नखातलं ऑइल

"चौसष्ट दाखवतंय," राजशेखरकाका म्हणाले आणि त्यांनी ऑक्सिजनचं मशीन मोबाईलसमोर धरलं. मशीनच्या चिमट्यात पप्पांचं बोट. "बाकी सगळ्यांचं पंच्याऐंशीच्या वर हाय. मशीन तुमच्या घरचं, तर तूच सांग आता सुकन्या, काय करू?"

सोलापुरात पाच वाजून गेले तरी पत्र्यातून धग उतरत होती. सुकन्या ओल्या पंच्यानं मान पुसत होती आणि स्क्रीनवर पप्पा दोन रजया आणि कानटोपी घेऊन बसले होते. नेपाळ, मुक्तिनाथचं लॉज, बारा हजार फूट उंची. कालपासून डोकं ठणकतंय, सकाळपासून दोन ओकाऱ्या, आणि आता हा खोकला. ओला, छातीत बुडबुडे आल्यासारखा.

"काय न्हाय गं," पप्पा म्हणाले आणि तेवढ्यावरच दम घ्यायला थांबले. "हितं गाड्यास्नीबी... धाप लागती. मी तर माणूस हाय."

राजशेखरकाका हसले नाहीत. वीस माणसांची ही टूर त्यांनीच नेलेली. "जीप दारात हुबी हाय. आजची शेवटची. अंधार पडला की कुणी खाली येत न्हाय. तुझे पप्पा म्हणत्यात, उद्या दर्शन करूनच उतरतो, मशीनच बिघडलंय."

मागून हॉर्न वाजला. ड्रायव्हर घाई करत होता.

केराबाई आज्जी भिंतीला टेकून वाती वळत होती. अर्धं आयुष्य मेंढरांमागं काढलेली बाई. तिनं स्क्रीनकडं नुसतं एकदा बघितलं. "बिरू, आत्ताच्या आत्ता खाली उतर."

"आये, उद्या दर्शन..."

"देव कुटं पळून चाललाय व्हय? मेंढरानं मान टाकली की आमी खांद्यावर घिऊन उतार गाठायचो. तू मान टाकलीस."

"घ्या! आता मी मेंढरू!" पप्पा म्हणाले, आणि तिकडं लॉजमध्ये हशा पिकला.

"थांब गं आज्जी," सुकन्या म्हणाली. तिला भराभर सगळं आठवत होतं. जानेवारीत विज्ञान प्रदर्शनात तिनं हेच मशीन मांडलं होतं. तालुक्यात पहिली! पाहुण्यांसमोर माईक हातात घेऊन न अडखळता बोलली होती, आणि तेव्हापासून ती वर्गात सरांचंसुद्धा चुकलं की हात वर करायची.

"पप्पा, बोट कॅमेऱ्याजवळ आणा. अजून. हां! नखं बघा तुमची, नखं!"

अक्कलकोट रोडच्या गॅरेजमधलं वीस वर्षांचं ऑइल त्या नखांत बसलेलं. लिंबू घासून घासून आईनं हात टेकले होते.

"काका, हे मशीन बोटातून उजेड सोडतं. नखावर नेलपॉलिश, मेंदी, काळं काहीपण असलं की उजेड अडतो आणि आकडा खाली येतो. माझ्या चार्टवर होतं हे!" तिचा आवाज चढत गेला. "पप्पांचा ऑक्सिजन नाही हो, मशीन त्यांचं ऑइल मोजतंय!"

आता तर लॉजच दणाणलं. "बिरदेवअण्णा, पोरगी डॉक्टर झाली की तुमची!" कुणीतरी ओरडलं. पप्पा सगळ्यांत जास्त हसले. मग खोकले. बराच वेळ खोकले. डोळे पुसत म्हणाले, "बगितलंस राजशेखर? माझी पोरगी..." पुढचं त्यांना बोलता आलं नाही.

"मग जीप सोडू?" राजशेखरकाकांनी विचारलं. पप्पांना नाही, तिला विचारलं.

सुकन्याच्या शब्दासाठी एवढी मोठी माणसं थांबायची ही पहिलीच वेळ.

"सोडा की," ती म्हणाली.

काका बाहेर जाऊन काहीतरी ओरडले. जीप सुरू झाली, वळली, तिचा आवाज उतारावर बारीक होत गेला. सुकन्यानं पटकन स्क्रीनशॉट मारला: मशीन, आकडा आणि काळं नख. सरांना दाखवायला. तेवढ्यात तिकडची लाईट गेली, पप्पांचा चेहरा चौकोना-चौकोनांत फुटला आणि कॉल कटला.

ती पंख्याखाली आडवी झाली. जाम खूश होती.

आज्जीच्या हातातली वात तशीच राहिली होती. "सुके, एक इचारू?"

"विचार की."

"कोरोनात तुजा बाप हितंच झोपला हुता. तू हेच मशीन लावायचीस त्येला. दिसातनं तीनदा."

"हां. वहीत लिहायचे मी. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव..."

"मग तवा काय नखं धुतली हुती त्यानं?"

सुकन्या उठून बसली. तिनं फोन लावला. लागला नाही. राजशेखरकाकांना लावला. लागला नाही. पुन्हा पप्पांना. आज्जीनं पदर तोंडावर धरला.

फोन लावता लावता सुकन्याचं बोट चुकून स्क्रीनशॉटवर पडलं. तिनं दोन बोटांनी तो मोठा केला. अजून मोठा.

ऑइल होतं, पण फक्त कडेला, एका रेघेएवढं. मधलं सगळं नख निळं पडलं होतं.