चकाकी उतरवताना

पुण्याहून आलेल्या तपासणीच्या साहेबानं झाकण उजेडात धरलं आणि त्यात बघून आपल्या मिशा सारख्या केल्या. दाराशी उभ्या असलेल्या फकरुद्दीनची छाती फुलली.

“सुरेख,” साहेब म्हणाला. “यात बघून दाढी करता येईल.” मग त्यानं झाकण पेटीत परत ठेवलं. “पण ही मला घेता येणार नाहीत.”

रखमाजीच्या तोंडचं पाणी पळालं. वलवणच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचा एकच लेथ होता. पलटणीच्या दुर्बिणींसाठी ॲल्युमिनियमची झाकणं तो त्यावर एका माणसाकडून कातून घेई. कातल्यावर राहिलेले वळ घासून काढायचं काम फकरुद्दीनचं.

“साहेब, खोट काय हाय त्यात?” रखमाजीनं विचारलं.

“चमकतात, हीच खोट. शिपाई झाडीत दबा धरून बसलेला असतो. यावर ऊन पडलं की समोरच्या डोंगरावरून त्याचा ठिकाणा कळेल. राखेसारखी मंद हवीत. मागच्या खेपेला सांगितलं होतं मी.”

रखमाजी पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागला. सांगितलं होतं खरं. पण जरा जास्त चमकली म्हणून कोण रागावतंय, असं त्याला वाटलं होतं.

“संध्याकाळच्या गाडीनं मी परत निघणार,” साहेब म्हणाला. “तोवर झाली तर नेतो. नाहीतर हे काम दुसऱ्याला द्यावं लागेल.”

साहेब गेला. रखमाजीनं झाकणं पुन्हा कातायला लेथवरच्या माणसाला हाक मारली, तसा फकरुद्दीन पुढं झाला.

“त्याला नगं बोलवू. चमक मी चढवलीय, मीच उतरवतो.”

फकरुद्दीन मूळचा तळेगावचा कल्हईवाला. लढाई लागली आणि बाजारातून कथील नाहीसं झालं, तेव्हापासून त्याचा भाता घरी पडून होता. हे काम गेलं तर त्याच्या हातांना दुसरं काही येत नव्हतं.

त्यानं नवा पॉलिश कागद फाडला, रॉकेलात भिजवला आणि झाकणावर लहान लहान गोल फिरवायला लागला. चकाकी लगेच गेली. झाकण पांढुरकं, मऊ दिसायला लागलं. पण हात फिरतच राहिला. कागद झिजत गेला, आणि झिजलेल्या कागदाखाली झाकण पुन्हा उजळलं. दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याचं तेच.

“फकरूभाई, तुमी पुन्यांदा आरसा केला की!” रखमाजी म्हणाला.

“मला कळतंय रे. हात ऐकंना.”

इतकी वर्षं हाताला एकच शिकवलं होतं. बाईला भांड्यात आपलं तोंड दिसेपर्यंत थांबायचं नाही.

दुपारी फकरुद्दीनची बायको रोशनबी भाकरी घेऊन आली. नवऱ्याचे कोपरापर्यंत काळे झालेले हात तिनं बघितले, बाजूला टाकलेली झाकणं बघितली, आणि काय झालं ते रखमाजीकडून ऐकून घेतलं. भाकरीचं फडकं तिनं खुंटीला अडकवलं आणि नवऱ्याच्या समोर मांडी घालून बसली.

कल्हईच्या वेळी भाता तीच मारायची. नवसागराच्या धुरात त्याला काही दिसायचं नाही. भांडं पुरेसं तापलं की ती “बस” म्हणायची आणि तो उचलायचा. तिचं कधी चुकलं नव्हतं.

“कसं व्हायला पायजे, ते दावा मला.”

एका झाकणाची कड जमून गेली होती. ती त्यानं दाखवली. तिनं बोट फिरवलं, तिरकं धरून बघितलं.

“हं. घासा.”

तो घासायला लागला. ती झाकणावरून नजर काढीना.

“बस.”

“अगं, कडंला जरासं—”

“कडंला काय नवरी बसायचीय? बस म्हनलं न्हवं?”

लेथवरचा माणूस हसला. फकरुद्दीननं झाकण खाली ठेवलं आणि दुसरं उचललं. घासा, बस. घासा, बस. मधूनच त्याचा हात चोरून एखादा फेरा जास्त मारू बघे, आणि ती त्याच्या मनगटावर चापट मारी. रखमाजी झाकणं पुसून पेटीत रचत होता.

“भाबी, लेथवर बी तुमीच बसा आता,” तो म्हणाला. “आमचा बी हात लय चालतो.”

“तुमाला घरची हाय की बस म्हनायला.”

“ती बस म्हनत न्हाई. ती ऊठ म्हनती.”

उन्हं कलती झाली तेव्हा साहेबाचा टांगा दाराशी आला. त्यानं एक झाकण घेतलं, बाहेर उन्हात नेलं, इकडून तिकडून फिरवलं. मग पेटीच्या तळातून दुसरं काढलं. तेही फिरवलं. ऊन त्यावर पडत होतं आणि तिथंच जिरत होतं.

“आता झालं काम,” साहेब म्हणाला. “पुढच्या खेपेलाही अशीच द्या.”

पेटी टांग्यात चढली. फकरुद्दीन बघत राहिला. सगळी झाकणं एकसारखी उतरली होती आणि एकातही कुणाचं तोंड दिसत नव्हतं. याचं आपल्याला वाईट वाटेल, असं तो दुपारपासून धरून चालला होता. तसं काही वाटलं नाही. हलकंच वाटलं.

रखमाजी चहा सांगायला गेला. नवरा-बायको शेडच्या उंबऱ्यावर बसली. फकरुद्दीननं राखेनं हात धुतले होते, तरी नखांत काळं राहिलंच होतं. तो वलवणच्या तळ्याकडं बघत होता. गुडघ्यावर त्याच्या उजव्या हाताचा अंगठा लहान लहान गोल काढीत होता, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

रोशनबीनं भाकरीचं फडकं सोडलं. तिनं एक तुकडा मोडला आणि त्याच बोटांत दिला.