नापास तेल

"मॅडम, नापास म्हणजे किती नापास?" टेम्पोवाल्या नवनाथने विचारलं.

हेमांगीने नळी उजेडात धरली. बायोडिझेलच्या कारखान्यात ती वापरलेलं तेल तपासायची, पण इतकं जळकं तेल तिनेही पाहिलं नव्हतं. "टाकीत ओतलं तर डिझेल सोड, साबण होईल. ट्रकच्या इंजिनाला असलं चालत नाही. परत ने."

"नेतो की," नवनाथ निवांत म्हणाला. "मुलींच्या वसतिगृहातल्या मेसचं आहे. कंत्राटदार म्हणालाच होता, कंपनीने नाही घेतलं तर आण परत, उद्या पुऱ्या आहेत."

गावात मुलींचं वसतिगृह एकच होतं आणि हेमांगीची लेक तिथेच राहत होती. परवाच फोनवर म्हणाली होती, आई, पोट सारखं दुखतं. अभ्यास टाळतेस म्हणून हेमांगीने तिलाच झापलं होतं. आता तक्रार करावी, तर मेस समितीचा अध्यक्ष कंत्राटदाराचा सख्खा मेहुणा.

तिने सगळी पिंपं पास केली.

दुसऱ्या दिवशी टाकीभर साबण झाला. मॅनेजरने तिला कायमचं घरी बसवलं आणि वर म्हणाला, "जाताना बादलीभर घेऊन जा, भांड्यांना होईल."

ती फाटकाबाहेर आली, तर समोर नवनाथ उभा. "मॅडम, कंत्राटदार जाम खूश आहे तुमच्यावर! म्हणतो, एवढं काळं तेलसुद्धा पास होतंय, म्हणजे आपण उगाच लवकर टाकून देत होतो. आता आणखी आठवडाभर तळणार."