मधे न बोलण्याचा तास

रेकॉर्डिंगमधल्या बाई बोलल्या की कागदावर डावीकडे रेघ, पेशंट बोलला की उजवीकडे. एवढं सांगून प्रशिक्षकांनी रेकॉर्डर लावला. व्यसनी माणसाशी बोलावं कसं, हे शिकायला व्यसनमुक्ती केंद्रातले आठ जण बसले होते.

रेकॉर्डिंग या आठांतल्याच थोरल्या बाईंचं होतं. वीस वर्षं समुपदेशन केलेल्या बाई! प्रत्येकानं आपली एक मुलाखत आणायची होती. बाईंनी मुद्दाम हीच आणली. त्या भेटीनंतर चौथ्या दिवशी या माणसानं जीव दिला होता. वर्गात ते फक्त त्यांनाच ठाऊक होतं. त्या दिवशी तो आपल्याला काही सांगू बघत होता का, एवढंच त्यांना ऐकायचं होतं. एकटीनं ऐकायचा धीर झाला नव्हता.

"बाई, परवा मी..." रेकॉर्डरमधला माणूस म्हणाला.

"परवा घेतलीत ना? चेहराच सांगतोय." आणि बाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. यकृत, नोकरी, बायको, पोरं, काही म्हणून सुटलं नाही.

"अहो बाई, बिचाऱ्याला श्वास तरी घेऊ द्या!" शेजारची नर्स म्हणाली. सगळे हसले. बाईही हसल्या आणि डावीकडे आणखी एक रेघ ओढली.

"तसं नाही, बाई. परवा मी गच्चीवर गेलो होतो. एकटाच."

"गच्चीवर प्या, नाहीतर न्हाणीघरात. पिणं ते पिणंच!"

बाईंनी डावीकडची रेघ अर्धीच सोडली. सांगत होता. सांगायलाच आला होता मेला, आणि आपण त्याला बोलू दिलं नाही.

प्रशिक्षकांनी रेकॉर्डर बंद केला. "इथं काय म्हणायला हवं होतं?"

"त्याचंच वाक्य त्याला परत द्यायचं," नर्स म्हणाली, "आणि गप्प बसायचं."

"बरोबर. बाई, करून बघता? चुकलं तर चुकू दे, इथं सगळे आपलेच आहेत." त्यांनी एक रिकामी खुर्ची बाईंच्या पुढ्यात ओढली. "हा तुमचा पेशंट."

बाईंनी खुर्चीकडे पाहिलं.

"गच्चीवर गेला होतात," त्या म्हणाल्या. "एकटेच."

मग थांबल्या. बाईंचे ओठ हलायला लागले, तसा प्रशिक्षकांनी हात वर केला.

"घाई नको, बाई," ते हळूच म्हणाले. "थोडा वेळ द्या. बोलेल तो."