बिनचूक

लातूरच्या एका नर्सिंग कॉलेजचा इंग्रजीतला मेल माझ्या सुनेला, पुनमला आला होता. काही विचारायचं असेल तर कळवा म्हणून. लग्नामुळे सुटलेलं शिक्षण तिला पुन्हा धरायचं होतं.

"मामा, तुम्ही कंधारला जन्मभर इंग्रजी शिकवलंत. तुम्हीच लिवा, माझं चुकलं तर हसतील," पुनम म्हणाली.

प्रवेश चालू आहेत का, एवढंच विचारायचं होतं. पण कोर्सच्या आधी 'इन' लावावं की 'फॉर', माझं ठरेना. ती विचारायची, मी "उद्या" म्हणायचो. शेवटी डिक्शनरीत खात्री करून मेल पाठवला.

तासाभरात मराठीत उत्तर आलं, "ताई, प्रवेश कालच बंद झाले."

 

पुनमनं ते दोनदा वाचलं. "एकबी चूक न्हाई काढली बघा त्यांनी, मामा."